खडखडाटातलं बोलणं

मृणालताईंनी शिट्टी फुंकली तेव्हा शौकत आणि बसवराज दोघंही दचकले. शिट्टी ताईंच्या गळ्यात सकाळपासून होती, पण ती खेळ घेण्यासाठी असेल असं आम्ही धरून चाललो होतो.

"थांबा!" ताई दोघांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. "रागाच्या भरात एक शब्दही बोलायचा नाही. आधी दोघांनी दीर्घ श्वास घ्या."

शौकतनं श्वास घेतला. बसवराजनंही घेतला. मग बसवराज म्हणाला, "घेतला. पण ताई, राग आलाय कुणाला?"

"अरे, तुम्ही केव्हाचे ओरडताय एकमेकांवर!"

"ओरडतोय कुठं? मागावरचा धोटा मधनंच उडून बाहेर का पडतो, त्ये सांगत हुता ह्यो मला." हे सांगतानाही तो असा गरजला की खिडकीतली चिमणी उडून गेली.

"ह्यांच्यात यंत्राला तेल कमी घालत्यात, ताई," शौकत तितक्याच जोरात म्हणाला. "मग धोटा उडणारच की."

ताईंनी आळीपाळीनं दोघांकडं पाहिलं आणि शिट्टी हळूच पदराआड सरकवली. आम्ही सगळे हसू दाबत होतो. दोन्हीकडचे. पण एकमेकांकडं बघून हसायची अजून कुणाची तयारी नव्हती, म्हणून जो तो जमिनीकडं बघून हसला.

चूक ताईंची नव्हती. त्या पुण्याच्या, आणि आमचं टेंभुर्डं म्हणजे यंत्रमागांचं गाव. घराला लागून माग, मागाला लागून घर. खडखडाट दिवसा चालू, रात्रीही चालू. पाळण्यातलं पोर त्या आवाजात झोपतं आणि वीज गेली की दचकून उठतं. अशा गावात माणूस बोलतो ते मागाच्या वरताण आवाजात. मुलगी बघायला आलेले परगावचे पाहुणे आधी घाबरतात. ही माणसं आपल्याला चहा विचारतायत की हाकलून देतायत, हे त्यांना पटकन कळत नाही. मोमीनपुरा आणि आमची कोष्टी गल्ली यांच्यात बाकी काही सारखं नसेल, घसा मात्र एकच.

आणि शिबिराआधीच्या दोन वर्षांत तर काहीच सारखं उरलं नव्हतं. एका संध्याकाळी मिरवणुकीच्या वाटेवर कुणीतरी काहीतरी बोललं, मग दगड सुरू झाले. तासाभरात सगळं थांबलं, पण तेव्हापासून त्यांनी आमच्या दुकानात यायचं सोडलं आणि आम्ही त्यांच्या रस्त्यानं जायचं. शाळासुद्धा वेगळ्या झाल्या. म्हणून मृणालताईंच्या संस्थेनं हे दोन दिवसांचं शिबिर ठरवलं. तिकडचे सहा, इकडचे सहा, सगळे सतरा-अठरा वर्षांचे. गावात जागाच मिळेना, कारण त्यांच्या हद्दीत आम्ही जाणार नाही आणि आमच्या हद्दीत ते येणार नाहीत. शेवटी शेजारच्या कापशी गावातला सोसायटीचा हॉल मिळाला. एकमेकांशी बोला, एवढंच आम्हाला सांगितलं होतं.

मला कुणाशी बोलायचं ते घरून निघतानाच पक्कं होतं. मोमीनपुऱ्यातल्या सहाजणांत तहसीन येणार, हे कानावर आलं म्हणून तर मी नाव दिलं. नाहीतर संवाद, सलोखा वगैरे शब्दांनी माझ्या कपाळाला आठीच पडायची.

दगडफेकीच्या त्या संध्याकाळी तहसीनचे आजोबा, दस्तगीरचाचा, त्यांच्या कारखान्याच्या कट्ट्यावर बसले होते. एक दगड येऊन त्यांच्या डोळ्यावर बसला. पोलिसांत तक्रार झाली आणि तक्रारीत नाव आलं माझ्या भावाचं. मल्लिनाथ. घरातल्या पोरीनं बघितलं, तिनंच नाव सांगितलं, असं आम्हाला कळलं. ती पोरगी म्हणजे तहसीन. दादाला कुणीतरी आधीच सावध केलं. तो त्याच रात्री सुरतेच्या गाडीत बसला आणि तिथल्या कुठल्याशा कारखान्यात कामाला लागला. गावात पाऊल टाकलं की आत जाणार, हे ठरलेलं. आई दर सणाला त्याच्या वाटणीचं ताट वाढून झाकून ठेवायची आणि संध्याकाळी निमूटपणे मला खायला लावायची.

"मी न्हाई फेकला," एवढंच तो फोनवर म्हणायचा. मी विश्वास ठेवायची. बरेचदा ठेवायची. पण नसेल फेकला, तर त्या मुलीनं त्याचंच नाव का घ्यावं? तिचं आमच्याशी वाकडं नव्हतं, माझी तर ओळखसुद्धा नव्हती. हा प्रश्न मला दोन वर्षं कुरतडत होता. उत्तर काहीही असो, मला ते हवं होतं. त्यावरच दादाचं घरी येणं टांगलेलं होतं.

पण विचारायचं कसं? ताईंनी सकाळी आम्हाला गोल बसवलं आणि एक पिवळा रुमाल फिरवला. रुमाल ज्याच्या हातात त्यानं बोलायचं. आडनाव सांगायचं नाही, नुसतं नाव आणि आवडीची एक गोष्ट. मग सुरू झालं. मी बसवराज, मला क्रिकेट आवडतं. मी शौकत, मला क्रिकेट आवडतं. रुमाल माझ्याकडं आला तेव्हा मी म्हटलं, मी कांचन, मला भजी आवडतात. तहसीन सगळ्यांत शेवटी बसली होती. बारीक चणीची, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली.

"मी तहसीन," ती म्हणाली. "मला गर्दी आवडत न्हाई."

त्या दिवशी संध्याकाळी पाण्याच्या टाकीपाशी मी तिला एकटी गाठली. तोंड उघडलं आणि लक्षात आलं, की इथं एवढी शांतता आहे की माझा शब्द हॉलच्या पलीकडं ऐकू जाईल. हळू बोलावं म्हटलं तर ते जमेना. टेंभुर्ड्याच्या माणसाला कुजबुजता येत नाही. गुपित सांगायचं तर आम्ही मागाजवळ जातो, खडखडाटात उभे राहून ओठ हलवतो. समोरचा ओठ वाचतो आणि शेजारचा काही ऐकत नाही. शांततेत गुपित कसं बोलतात, हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं.

"काय?" तहसीन म्हणाली.

"पाणी गार हाय का?" मी विचारलं. माझं मलाच कसंतरी झालं.

"हाय की," ती म्हणाली आणि तांब्या माझ्या हातात देऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंच्या कपाळावर आठ्या होत्या. सोसायटीच्या हॉलला लागून भाताची गिरणी होती. आदल्या दिवशी कापशीच्या विजेची सुट्टी, म्हणून ती बंद होती. आज ती सुरू झाली. आधी पट्टा फडफडला, मग यंत्रानं घरघर धरली आणि बघता बघता हॉलच्या खिडक्या थरथरायला लागल्या.

ताई कानांवर हात ठेवून काहीतरी म्हणत होत्या. आज नेमका महत्त्वाचा दिवस, आज त्या संध्याकाळबद्दल बोलायचं होतं, आता अशा गोंगाटात कोण काय बोलणार, असं बहुधा. संस्थेच्या माणसाला घेऊन त्या गिरणीवाल्याला विनवायला गेल्या.

आणि इकडं हॉलमध्ये आमचे खांदे सैल पडले. खरं सांगते, घरी आल्यासारखं वाटलं. बसवराज भिंतीला टेकून पाय पसरून बसला. त्यानं शौकतकडं बघून दोन बोटं एकमेकांवर घासली. म्हणजे सूत तुटलं. कामाच्या वेळी लांबून सांगायची आमच्या कारखान्यातली खूण. मला वाटलं, त्याला काय कळणार? पण शौकतनं लगेच अंगठा आणि बोट जुळवून हवेत गाठ मारली, म्हणजे सांधली. मग त्यानं करंगळी वाकवून दाखवली. म्हणजे धोट्यातली सुताची कांडी संपली! आमच्यातही हेच. अगदी हेच.

सगळे सरकत सरकत जवळ आले. जेवणाची खूण एकच. चहाची एकच. तिकडच्या एका मुलीनं बाईमाणसाला अडचण आली की करायची खूण केली, आम्ही तिघी मुली एकदम मान डोलावून लाजलो. फरक निघाला तो मालकाच्या खुणेत. मालक आला, सांभाळा, हे सांगायला आम्ही मिशीला पीळ देतो. ते पोटावरून गोल हात फिरवतात. शौकतनं ओठ हलवून विचारलं, "आणि मालकाला मिशी नसंल तर?" बसवराजनं उलट विचारलं, "मालक वाळका असंल तर?" दोघं खो खो हसले. हसण्याचा आवाज आला नाही, नुसती पोटं हलताना दिसली.

मी मात्र तहसीनकडं बघत होते. आता काल संध्याकाळची अडचण उरली नव्हती. मी उठून तिच्या समोर जाऊन बसले आणि ओठ नीट उघडून विचारलं, "त्या दिवशी तू काय बघितलंस?"

तिनं लगेच वाचलं. चेहरा एकदम उतरला.

"कुठल्या दिवशी?"

"तुला म्हाईत हाय कुठल्या. मी मल्लिनाथची बहीण."

ती उठून जाईल असं मला वाटलं. ती गेली नाही. बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिली, जणू आणखी काही उमटेल म्हणून वाट बघत होती. मग तिचे ओठ हलले.

"कुठं हाय तो?"

"सुरतेत. घरी येऊ शकत न्हाई. खरं सांग, फेकला का त्यानं?"

ती म्हणाली, त्या संध्याकाळी ती कारखान्यात आत होती, रस्त्याकडं पाठ करून कांड्या भरत होती. आरडाओरडा झाला तशी बाहेर धावली. आजोबा कट्ट्यावर हात चेहऱ्याला लावून बसलेले, बोटांमधून रक्त. मग घरात माणसंच माणसं. काका, शेजारी, पोलिस. सगळे तिच्याभोवती उभे. कोण होतं? तू होतीस ना इथं? नाव सांग. घाबरू नको, नाव सांग.

इथपर्यंत मी ओठ वाचत होते. मग तिचे डोळे भरले, ओठ थरथरायला लागले आणि मला शब्द लागेनात. मी हातानं खूण केली, कळत नाही. तशी ती पुढं सरकली, माझ्या कानाला तोंड लावलं आणि गिरणीवर मात करत, टेंभुर्ड्यात बोलतात तशी भरल्या गळ्यानं ओरडून सांगायला लागली.

वीज गेली ती तेवढ्यात.

मागाच्या गावात असं होतं. वीज गेली की यंत्र थांबतं, माणसाचा आवाज थांबत नाही. एखादं वाक्य उघडं पडतं, सासूबद्दलचं, मालकाबद्दलचं, आणि त्यावर गल्लीत आठवडाभर हशा पिकतो. आम्ही सगळे त्यातून गेलेलो. पण त्या दिवशी कापशीच्या हॉलमध्ये जे वाक्य उघडं पडलं त्यावर कुणी हसलं नाही.

"...मी बघितलंच नव्हतं कुणाला! मल्लिनाथचं नाव मी उगीच घेतलं!"

गिरणीचा पट्टा दोन फेरे फिरून गप्प झाला. दारात मृणालताई उभ्या होत्या. गिरणीवाल्याशी बोलणं आटोपून त्या नुकत्याच परतल्या होत्या.

शौकत तहसीनचा सख्खा चुलतभाऊ. तो सावकाश उभा राहिला.

"क्या बोली तू?"

तहसीननं तोंडावर हात धरला होता.

"ऐकलं का सगळ्यांनी?" बसवराज ताडकन उठला. "ऐकलं न्हवं? आता म्हना, मल्लिनाथनं फेकला!"

"तू बस," मी त्याच्यावर ओरडले. मला दिसत होतं, ती अजूनही ते मागं घेऊ शकते. शौकतलाही दिसत असावं. तो तिच्याजवळ आला आणि त्यानं तिला वाट काढून दिली. "तू दुसरंच कायतरी सांगत हुतीस ना? अर्धं ऐकू आलं आम्हास्नी. तसंच हाय ना, तहसीन?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. दादा सुरतेतच राहिला असता आणि आई ताट झाकत राहिली असती. ताईंच्या हातात शिट्टी होती. त्यांनी ती फुंकली नाही, याबद्दल मी आजही त्यांचे उपकार मानते.

तहसीननं हात खाली घेतला.

"न्हाई," ती म्हणाली. "बरोबर ऐकलंत. मी कुणालाच बघितलं नव्हतं." आवाज एवढा लहान होता की टेंभुर्ड्याच्या माणसाचा वाटत नव्हता. पण हॉलमध्ये प्रत्येकाला ऐकू गेला.

"मग त्येचंच नाव का?" बसवराजचा आवाज चिरकला. "आमच्या गल्लीत शंभर पोरं हायत. त्येचंच का?"

"मला तुमच्या गल्लीतलं तेवढं एकच नाव येत हुतं."

तीच पुढं बोलत राहिली. मल्लिनाथ जॉबर होता ना, माग दुरुस्त करायला यायचा. माग बिघडला की दादाजान, म्हणजे आजोबा, दिवसभर हाका मारायचे, मल्लिनाथ, अरे मल्लिनाथ, हे बघ, ते बघ. चहा त्यांच्याच बशीतून प्यायचा. तिकडून दुसरं कुणी आमच्यात कधी आलंच नाही. नाव सांग, नाव सांग म्हणून सगळे अंगावर आले. नाव सांगेपर्यंत कुणी हलेना. कोष्टी गल्लीतलं नाव म्हटल्यावर तोंडात तेच आलं.

मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. अगदी हात शिवशिवला. आमच्यातला जो एकटा त्यांच्या घरात जाऊन बसत होता, त्यालाच परागंदा व्हावं लागलं होतं, आणि ते तो जाऊन बसत होता म्हणून.

"आख्ख्या गल्लीत एकच नाव?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडं पाहिलं. उलटून बोलायचं म्हणून नाही, खरंच जाणून घ्यायचं म्हणून तिनं विचारलं, "तुला आमच्यातली किती येत हुती? काल सकाळच्या आधी?"

मी तोंड उघडलं. मनातल्या मनात मोमीनपुऱ्याच्या रस्त्यानं एक चक्कर मारली. कारखाने आठवले, मशिदीपुढचा बर्फाच्या गोळ्याचा गाडा आठवला, चेहरेसुद्धा आठवले. दस्तगीरचाचा सोडले तर नाव सापडेना. पोलिसांनी मला मध्ये घेऊन विचारलं असतं, तर माझ्याही तोंडात एकच आलं असतं.

"तुझं," मी म्हटलं.

बसवराज खाली बसला. त्याच्याकडं तेवढंही नसावं.

"दोन वर्षं झाली, तहसीन," मी म्हटलं. माझा आवाज रडवेला झाला होता आणि त्याची मला लाज वाटत नव्हती. "दोन वर्षांत एकदा तरी सांगायचंस."

"कुणाला? एकदा नाव सांगितल्यावर पुन्यांदा कुणी विचारलंच न्हाई."

शौकत बाहेर निघून गेला. दगडावर बसून पायानं माती उकरताना तो खिडकीतून दिसत होता. बऱ्याच वेळानं आत आला आणि तहसीनला एवढंच म्हणाला, "चच्चाजान को मैं बोलता. फिर अपन तिघं मिलके चौकीपे जायेंगे. अकेली नक्को जा तू."

तहसीन, तिचे वडील आणि शौकत, ते तिघं खरंच गेले. त्यांच्या मोहल्ल्यात तिला त्याबद्दल काय काय ऐकावं लागलं, ते मला पुढं तिच्याकडूनच कळत गेलं, आणि आमच्या गल्लीतले काहीजणही फार खूश नव्हते. त्यांना दादाच्या निर्दोष सुटण्यापेक्षा त्या लोकांचा खोटेपणा सांगत फिरायला जास्त आवडलं असतं. पण हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी मी ताईंची परवानगी काढून कापशीच्या फाट्यावरच्या फोनच्या टपरीत गेले. सुरतेच्या कारखान्याचा नंबर फिरवला. दादाला बोलावून आणेपर्यंत कानात तिथल्या मागांचा खडखडाट येत राहिला. तो आला तशी मी एका दमात सगळं सांगितलं. नाव खोटं होतं. तिनं सगळ्यांसमोर कबूल केलं. चौकीत जाऊन सांगणार आहे. आता तू घरी ये.

पलीकडं माग तेवढे चालू.

"दादा? ऐकतोस न्हवं? तू सुटलास!"

"ऐकतोय," तो ओरडून म्हणाला. मग थोडं थांबून त्यानं विचारलं, "चाचांचा डोळा कसा हाय?"

आमच्या गल्लीत कुणी म्हणायचं नुसतं खरचटलं, कुणी म्हणायचं नाटक आहे. त्यापलीकडं मला काही माहीत नव्हतं. दोन दिवस तहसीनबरोबर एकाच हॉलमध्ये काढले, तिला एवढं खोदून खोदून विचारलं, आणि त्यात हे नव्हतंच.

"कांचे? दिसतंय का त्यांना?"

"विचारून सांगते," मी म्हटलं, फोन ठेवला आणि हॉलकडं पळत सुटले.